प्रकाशाची वाट कोठें अडते?

शहरांतील एखादें नेहमींचें घर डोळ्यांपुढें आणावें. सकाळचे सव्वादहा वाजले आहेत. घरांतील मुलीची अकरा वाजतां परदेशांतील एका विद्यापीठाच्या अध्यापकांपुढें संगणकावरून मुलाखत आहे आणि तिची शिष्यवृत्ति त्या मुलाखतीवर अवलंबून आहे. इतक्यांत भिंतीवरच्या लहानशा पांढऱ्या पेटीवरील हिरवा दिवा मालवतो आणि त्याच्या शेजारचा तांबडा दिवा लुकलुकूं लागतो. मुलगी ओरडते, "बाबा, नेट गेलें!" बाबा धांवत येतात. पेटीच्या खालच्या अंगाला हिरव्या टोपणानें बसविलेली बारीक दोरी ते ओढून काढतात, तिच्या टोंकावर जोरानें फुंकर मारतात, सदऱ्याच्या कडेनें तें टोंक पुसतात, उजेड येतो कीं काय म्हणून तें डोळ्याजवळ धरून पाहतात आणि पुन्हां जागच्या जागीं दडपून बसवितात. तांबडा दिवा तसाच लुकलुकत राहतो. आई दारांतून म्हणते, "अहो, तें उगीच उपसूं नका." पण तोंवर उपसून झालेलें असतें.

विजेच्या उपकरणांशीं वागतांना हाताला जी संवय जडली, तिचाच हा परिणाम आहे. रेडिओ खरखरूं लागला कीं पिन काढून घालावी, विजेरी पेटेना म्हणजे घटाचें टोंक कापडानें घासावें, हें प्रत्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे आणि तें पुष्कळदां उपयोगीहि पडतें. परंतु या नव्या दोरींत तांबें नाहीं, कांच आहे. तिच्यांतून वीज जात नाहीं, प्रकाश जातो. बाबांनीं एका मिनिटांत ज्या चार गोष्टी केल्या, त्या चारही येथें करावयाच्या नव्हत्या. कां नव्हत्या, हें कळण्यास त्या दोरीच्या पोटांत काय आहे तें आधीं पाहिलें पाहिजे.

पोटांत आहे तो कांचेचा एक अखंड तंतु. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. माणसाच्या केंसाहून थोडी अधिक. पण प्रकाश या साऱ्या जाडींतून जात नाहीं. मधोमध सुमारें ९ मायक्रॉनचा गाभा असतो, त्यांतून तो धांवतो. गाभ्याची कांच आणि भोंवतालच्या वेष्टनाची कांच यांच्या वक्रीभवनाच्या गुणांत अगदीं थोडा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तेवढ्याच फरकामुळें प्रकाश गाभ्यांत कोंडून राहतो. विहिरींत बुडी मारून तिरप्या नजरेनें वर पाहणाऱ्यास पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. जवळजवळ तोच न्याय येथें लागू आहे. जॉन टिंडॉल यानें १८५४ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें, आणि त्याच्याहि आधीं जिनीव्हाच्या दानिएल कोलाडॉननें, पाण्याच्या वांकड्या धारेबरोबर प्रकाशहि वांकत जातो हें प्रयोगानें दाखविलें होतें. पंजाबांत मोगा येथें जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनीं हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या समवेत लंडनांत कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेऊन दाखविलें. तो लेख १९५४ सालचा.

तरीहि या तंतूनें लांबचा निरोप धाडतां येईल, असें त्या काळीं फार थोड्यांस वाटे; कारण कांच प्रकाश खाऊन टाकी. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम यांनीं १९६६ मध्यें इंग्लंडांत असें मांडलें कीं, हा दोष कांचेच्या अंगचा नसून तिच्यांत मिसळलेल्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. चार वर्षांनीं, १९७० मध्यें, अमेरिकेंतील कॉर्निंगच्या तीन शास्त्रज्ञांनीं किलोमीटरला १७ डेसिबल इतकीच घट होणारा तंतु काढून दाखविला. काव यांस या विचाराबद्दल २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज असा तंतु आपल्याकडे छत्रपति संभाजीनगरजवळ वाळूज येथेंहि ओढला जातो.

डेसिबल हा शब्द पुढें पुन्हां पुन्हां येणार आहे, तेव्हां त्याचा हिशेब येथेंच मांडलेला बरा. प्रकाश किती उरला हें सांगण्याचें तें माप आहे. ३ डेसिबल घट म्हणजे अर्धा प्रकाश उरला. १० म्हणजे दशांश. २० म्हणजे शतांश. १९७० च्या तंतूंत एका किलोमीटरच्या शेवटीं पन्नासावा हिस्सा उरत असे, आणि तेवढ्यानेंहि जाणकार हरखून गेले होते. आजच्या तंतूंत, प्रकाशाची योग्य तरंगलांबी निवडली असतां, किलोमीटरला ०.२ डेसिबल इतकीच घट होते. म्हणजे अर्धा प्रकाश गमावण्यास पंधरा किलोमीटर जावें लागतें!

आतां हेंच गणित उलटें करून पाहावें. दोन तंतूंच्या टोंकांमध्यें, त्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर, बोटाचा तेलकट डाग पडला किंवा धुळीचा एखादा कण बसला आणि त्यानें अर्धा प्रकाश अडविला, तर त्या एका डागानें पंधरा किलोमीटर कांचेइतकें नुकसान केलें. या शास्त्रांतील दुरुस्तीचें सारें मर्म या एका तुलनेंत आहे. लांबवर पसरलेली कांच सहसा दगा देत नाहीं. दगा देतात तीं टोंकें, सांधे आणि वळणें; म्हणजे जेथें जेथें माणसाचा हात लागतो त्या जागा. कोणाच्या घरीं तांबडा दिवा लागला म्हणजे मनांत प्रथम येतें कीं कोठें तरी रस्ता खणतांना केबल तुटली असावी. तसें होतेंहि, पावसाळ्याच्या तोंडावर झाडांच्या फांद्या छाटतांना आणि गटारें उकरतांना पुष्कळदां होतें. पण शोधाला आरंभ करावयाचा तो आपल्याच खोलींतून, आणि तोहि हात न लावतां, नुसत्या डोळ्यांनीं.

प्रथम दिवे वाचावेत. पेटीवर एकहि दिवा नसेल तर विजेचा प्रश्न आहे, प्रकाशाचा नाहीं. 'पॉन' असें लिहिलेला दिवा स्थिर हिरवा आणि 'एलओएस' हा तांबडा दिवा बंद असेल, तर प्रकाश नीट पोहोंचत आहे. बिघाड वाय-फायमध्यें, संकेतशब्दांत, न भरलेल्या बिलांत किंवा कंपनीच्या कचेरींत असेल, आणि दोरीला हात लावण्याचें कांहींच कारण नाहीं. 'एलओएस' तांबडा झाला म्हणजे मात्र प्रकाश आला नाहीं, किंवा ओळखूं येण्याइतका आला नाहीं. अशा वेळीं शेजारीं विचारावें. बहुतेक शहरी जोडण्यांत केंद्राकडून येणारा एक तंतु वाटेंत एका लहानशा विभाजकांत शिरतो आणि तेथून त्याचे बत्तीस, कधीं अधिक, फांटे घरोघर जातात. त्याच कंपनीचा शेजाऱ्यांचा प्रकाशहि गेला असेल तर दोष वर आहे; घरांत शोधणें व्यर्थ. शेजाऱ्यांचें नीट चालत असेल तर दोष बहुधा विभाजकापासून आपल्या भिंतीपर्यंतच्या शेवटच्या तंतूंत किंवा आपल्या खोलींत आहे.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. घरांतील पेटीची वीज अचानक गेली तर ती मिटण्यापूर्वीं, आंत साठलेल्या थोडक्या विजेवर, केंद्राला एक शेवटचा संदेश धाडते: वीज गेली, मी जातें. कारागीर त्याला अखेरचा उसासा म्हणतात. तंतु तुटला तर हा उसासा पोहोंचत नाहीं. पेटी एकदम मुकी होते. म्हणून केंद्रांत बसलेल्या माणसास, घरीं न येतांहि, दिवे गेले कीं तंतु गेला हें पुष्कळदां सांगतां येतें. तक्रार करतांना "तुमच्याकडे काय दिसतें?" असें विचारण्यास म्हणूनच संकोच करूं नये.

खोलींतील पाहणींत सर्वांत आधीं शोधावयाचें तें वळण. गाभ्यांत कोंडलेला प्रकाश सौम्य वळणानें वळतो, पण दोरी फार आंवळून मुडपली तर तो बाहेर निसटतो. जुन्या पद्धतीच्या तंतूला सुमारें तीन सेंटिमीटर त्रिज्येहून लहान वळण मानवत नसे. घरांत ओढण्यासाठीं पुढें काढलेले तंतु एक सेंटिमीटर, कांहीं तर अर्धा सेंटिमीटर त्रिज्येचेंहि वळण सोसतात. तथापि, कपाटाचा पाय, दाराची फट, दोरीवर ठोकलेला खिळा किंवा कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेनें करकचून बांधलेली गांठ यांपुढें कोणत्याच तंतूचें कांहीं चालत नाहीं. गच्चीवरून आलेली केबल उन्हानें तडकते. माळ्यावर उंदीर ती कुरतडतात. हें सारें डोळ्यांना दिसण्याजोगें असतें, आणि कपाट दोन बोटें पुढें सरकविल्यानें कित्येक घरांतला तांबडा दिवा विझला आहे.

वळणाचा दोष आणि घाणीचा दोष हे दोन वेगळे ओळखण्याची कारागिरांची एक सुरेख युक्ति आहे. लांब तरंगाचा प्रकाश वळणावर अधिक निसटतो, आंखूड तरंगाचा कमी. म्हणून ते एकच दोरी १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींनीं मोजतात. १५५० ला घट पुष्कळ आणि १३१० ला थोडी आली तर कोठें तरी मुडप आहे. दोन्हींत ती जवळजवळ सारखी आली तर टोंकाची घाण किंवा बिघडलेला सांधा यांचा संशय धरावा.

आतां फुंकरीकडे आणि सदऱ्याकडे वळूं. फुंकरीबरोबर वाफ आणि थुंकीचे सूक्ष्म थेंब जातात; ते वाळले कीं कांचेवर डाग उरतो. कापडांत अंगाचें तेल असतें, बारीक धागे असतात, आणि घासल्यानें टोंकावर विद्युत्भार येऊन तें आजूबाजूची धूळ ओढून घेतें. एवढ्यावर संपत नाहीं. जोडणींत दोन टोंकें स्प्रिंगच्या दाबानें एकमेकांस भिडलेलीं असतात. मध्यें खडा कण राहिला आणि टोंक दडपून बसविलें कीं तो कण कांचेंत रुततो आणि तेथें खळगा पडतो. पुढें कितीहि पुसलें तरी तो जात नाहीं. शिवाय दोरीची घाण पेटीच्या आंतल्या टोंकालाहि लागते, आणि मग दोरी बदलूनहि दोष राहतो. "नवी दोरी आणली तरी चालत नाहीं, म्हणजे पेटीच गेली," असा निवाडा करून चांगलीं यंत्रें फेंकून दिलीं जातात तीं अशीं. जाणता कारागीर आधीं सूक्ष्मदर्शकानें टोंक पाहतो, मग पेनासारख्या साधनांतली कोरडी स्वच्छ फीत त्यावरून फिरवितो, जरूर तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून पुन्हां कोरडें करतो, परत पाहतो आणि मगच जोडतो. टोंक उघडें असेल तेवढा वेळ त्यावर टोपण घालतो. घरीं हीं साधनें नसतात; म्हणून घरीं टोंक उघडूंच नये हें उत्तम.

टोपणांच्या रंगाविषयीं दोन शब्द. हिरव्या टोपणाचें टोंक आठ अंशांनीं तिरपें घासलेलें असतें, म्हणजे जो थोडा प्रकाश उलट परावर्तित होतो तो गाभ्यांत परत न शिरतां बाजूस जातो. निळ्या टोपणाचें टोंक सरळ असतें. आकार सारखाच असल्यामुळें निळी दोरी हिरव्या भोंकांत सहज बसते, आणि दुकानदारहि "चालेल" म्हणतो. ती चालत नाहीं. तिरपें आणि सरळ यांच्या मध्यें हवेची फट राहते, प्रकाश वायां जातो, आणि कधीं टोंकावर ओरखडाहि पडतो. हिरव्याला हिरवें आणि निळ्याला निळें, हा नियम मुलांनाहि सांगून ठेवण्यासारखा आहे.

बाबांची चौथी चूक होती ती डोळ्याची, आणि ती सर्वांत गंभीर. या दोरींतला प्रकाश दिसत नाहीं. घराकडे येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बहुधा १४९० नॅनोमीटर आणि घरून जाणाऱ्याची १३१० असते. मनुष्याचा डोळा साधारण ७०० च्या पुढें आंधळा. दिसणारा झगझगीत उजेड समोर आला तर पापणी आपोआप मिटते. न दिसणाऱ्या उजेडापुढें ती मिटत नाहीं. घरच्या शेवटच्या दोरींतली शक्ति एरवीं फार अल्प असते हें खरें, पण समोरची दोरी कोठून आली आहे आणि तिच्यांत त्या वेळीं काय सोडलें आहे, हें पाहणाऱ्यास ठाऊक नसतें. कित्येक हुशार मंडळी भ्रमणध्वनीचा कॅमेरा टोंकासमोर धरतात आणि कांहीं दिसलें नाहीं म्हणजे दोरी मेली असें म्हणतात. कॅमेऱ्याच्या सिलिकॉनला सुमारें ११०० नॅनोमीटरच्या पलीकडलें दिसतच नाहीं. तेव्हां तो निवाडाहि खोटा. प्रकाश आहे कीं नाहीं हें सांगतो तो मापक.

मापकावरचे आंकडे उणे चिन्हाचे असतात, त्यांनीं बुचकळ्यांत पडूं नये. शून्य म्हणजे एक मिलिवॅट. उणे २० म्हणजे त्याचा शतांश. केंद्रांतून साधारण दीड ते तीन मिलिवॅट प्रकाश निघतो, विभाजकांत त्याचे बत्तीस वांटे होतात, आणि घरीं बहुधा उणे २० च्या आसपास कांहीं तरी पोहोंचतें. बहुतेक घरगुती पेट्या उणे २७ पर्यंत, म्हणजे मिलिवॅटच्या पांचशेंव्या हिश्श्यावर, काम करतात. म्हणजे एखाद्या घरीं उणे २६ येत असेल तर सारें ठीक चाललें आहे असें दिसेल, पण तें घर कड्याच्या टोंकावर उभें आहे. जरासा ताण, थोडी धूळ, आणि दिवा तांबडा! जोडणी नवी असतांनाच हा आंकडा विचारून भिंतीवरच्या पंचांगाच्या मागें लिहून ठेवावा. पुढें दोष आल्यावर "पूर्वीं किती होतें?" या प्रश्नाचें उत्तर असल्यास अर्धा शोध संपतो.

दोष घराबाहेर असेल तर तो शोधण्याची रीत घाटांत हांक मारण्यासारखी आहे. हांक मारावी आणि प्रतिध्वनि किती वेळानें आला यावरून कडा किती दूर तें ठरवावें. ओ.टी.डी.आर. नांवाचें यंत्र तंतूंत प्रकाशाचा क्षणिक ठोका सोडतें आणि परत येणारा अंधुक प्रकाश ऐकत बसतें. कांचेंत प्रकाशाला एक किलोमीटर जाण्यास सुमारें ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून जाऊन परत येण्यास १० मायक्रोसेकंद लागले तर तुटलेली जागा एक किलोमीटरवर आहे. यांत नवशिके एका ठिकाणीं हमखास फसतात. यंत्र सांगतें तें तंतूचें अंतर, रस्त्याचें नव्हे. खांबाखांबावर आणि जमिनींतल्या पेट्यांत पुढील दुरुस्तीसाठीं केबलचीं वेटोळीं राखलेलीं असतात. तीं हिशेबांत न धरतां खणूं लागलें तर खड्डा भलत्याच्याच दारांत पडतो. जवळच्या दोषासाठीं मात्र एवढ्या खटाटोपाची जरूर नाहीं. तांबडा, दिसणारा उजेड सोडणारी एक बोटभर विजेरी असते; ती लावली कीं मुडपलेल्या जागीं दोरीच्या पिवळ्या किंवा पांढऱ्या कवचांतून तांबूस उजेड झिरपतांना दिसतो.

तुटलेला तंतु पुन्हां जोडतांना त्याचीं टोंकें सरळ कापून विजेच्या ठिणगीनें वितळवून एकजीव करतात. नीट केलेल्या अशा सांध्यांत घट ०.१ डेसिबलहूनहि कमी होते. पण कापतांना तंतूचे जे तुकडे पडतात त्यांविषयीं घरच्यांनीं सावध असावें. ते सुईहून बारीक आणि जवळजवळ अदृश्य. बोटांत शिरले तर सहज निघत नाहींत, आणि जमिनीवर रांगणारें मूल असेल तर धोका अधिकच. कारागिरानें ते झांकणाच्या डबींत गोळा केले पाहिजेत. त्याच्याजवळ डबी नसेल तर फरशीवर चिकट पट्टी दाबून तुकडे उचलावेत, आणि तें काम जेवणाच्या टेबलावर तर होऊंच देऊं नये.

त्या सव्वादहाच्या घरांत शेवटीं काय झालें? आईनें मुलीला आपला भ्रमणध्वनि दिला आणि त्याच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडून मुलाखत वेळेवर सुरू झाली. दुपारीं कारागीर आला. आदल्या दिवशीं भिंतीला रंग दिल्यावर कपाट मागें ढकलतांना दोरी त्याच्या पाठीमागें चेंगरली होती. दिवसभर ती कशीबशी तग धरून होती; सकाळीं कपाटाचें दार जोरानें लागलें आणि उरलासुरला प्रकाश गेला. कपाट सरकवून त्यानें दोरी मोकळी केली, तरी मापकावर आंकडा आला उणे २९. जोडणीच्या वेळचा आंकडा पेटीच्या पाठीवर लिहिलेला होता, उणे १९. त्यानें वर पाहिलें.

"काका, आपण हें टोंक पुसलेंत का?"

"जरासें," बाबा म्हणाले.

त्यानें दोरीचें टोंक आणि पेटीच्या आंतलें टोंक अशीं दोन्ही पाहून, फीत फिरवून स्वच्छ केलीं. आंकडा उणे साडेएकोणीसवर आला. मग त्यानें दोरी बसविली, टिक् असा आवाज ऐकला, आणि कपाट व भिंत यांच्यामध्यें लांकडाची एक लहानशी ठोकळी सारून दिली.